छत्रीची मोनो प्रत

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट काल पोचलं. जाडजूड होतं म्हणून वाटलं, आला बाबा एकदाचा भावाचा कागद. उघडते तर आत मासिकाची चार पानं आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, 'ताई, वाच. पुस्तकातलं पहिलं प्रकरण हेच.' मोजले, सहा शब्द. सख्ख्या बहिणीला सहा शब्द आणि एका रेकॉर्डवर दोन हजार! चालू दे.

फोटो बरा आलाय. केस गेले ते एका परीने चांगलंच झालं, विंचरायचा तुला लहानपणापासून कंटाळा.

फोन न करता पत्र का लिहिते म्हणशील. अरे, चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून गावभरच्या लोकांना फोन जोडून दिले, माझी हौस फिटली. आणि फोनवर तू मधे मधे तोंड घालतोस. कागद बिचारा गप्प ऐकून घेतो.

लेख दोनदा वाचला. छापखान्याच्या वरची आपली खोली तू अगदी डोळ्यांपुढे उभी केलीस. खाली मशीन चालू असलं की जमीन थरथरायची, रेकॉर्डवरची सुई उड्या मारायची, आणि म्हणून छापखाना बंद होईपर्यंत शनिवारी वाट बघत बसायचं, हे मी विसरलेच होते. फक्त छापखाना दोनला बंद व्हायचा, तीनला नाही. माझी ड्यूटी दीडला सुटायची आणि मी जिना चढेपर्यंत मशीन थांबायचं, म्हणून मला पक्कं आठवतं. तेवढं दुरुस्त कर. शिवाय मी दाराशी पत्र्याच्या ट्रंकेवर बसायचे, तू मला खुर्चीत बसवलंयस. आपल्याकडे खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तुझा अॅम्प्लिफायर बसायचा, पाहुण्यासारखा.

मोनो आणि स्टिरिओचं तू छान समजावलंस, शेजारणीला वाचून दाखवलं तर तिलाही कळलं. त्या काळी एकच अल्बम दोन तऱ्हांनी निघायचा. मोनोमध्ये गाणारा, वाजवणारे सगळे एकाच आवाजात कालवलेले. घरोघरी स्पीकर एकच, म्हणून बँडवाले स्वतः आठवडे आठवडे मोनोवर काम करत बसायचे. स्टिरिओ म्हणजे नवं खूळ, गाणारा डाव्या हाताला, गिटार उजव्या हाताला. ते काम कुणातरी असिस्टंटच्या गळ्यात मारायचे, एका दुपारी उरकून टाक म्हणायचे. म्हणून दोन्हींत फरक राहायचे. आपल्या छत्रीचंच बघ. (शेजारणीने विचारलं, छत्री काय? सांगितलं, कव्हरवर चौघं एका छत्रीखाली उभे आहेत, खरं नाव घ्यायला आमच्या आईची जीभ वळायची नाही.) स्टिरिओत शेवटचं गाणं हळूहळू विरून जातं, आणि मोनोत ते संपल्यावर आठ सेकंद चौघंही खो खो हसतात. ते हसू तू लेखात फार सुंदर लिहिलंस. वाचताना मीही हसले, एकटीच.

तुझ्या त्या मित्राचं, खिळ्याचं, वर्णनही हुबेहूब. किडकिडीत, खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसलेला, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. तो आधी तुझ्यासारखाच स्टिरिओवर फिदा होता आणि एका शनिवारी अचानक त्याने पलटी खाल्ली, मोनोशिवाय बोलेना, कारण विचारलं तर सांगेना, हेही खरं.

आता एक काम. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस, 'मोनोसाठी भांडणाऱ्या माझ्या त्या मित्राने अखेर मी देश सोडताना ती प्रतच लांबवली.' ती ओळ काढून टाक. लेख छापून गेला, त्याला इलाज नाही. पुस्तकात नको. बेचाळीस वर्षं झाली, आता कशाला ते उकरून काढायचं? म्हाताऱ्या माणसाला उगाच मनस्ताप.

तब्येत सांभाळ. सहा शब्दांत का होईना, उत्तर दे.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी दीड पान, आणि सगळं रागाचं. ती ओळ म्हणजे प्रकरणाचा कळस आहे म्हणे. खरं घडलेलं का लपवायचं म्हणे. पुस्तक एप्रिलअखेर छापायला जातंय, आता हात लावणार नाही म्हणे. आणि वर, 'तुला त्याचा एवढा पुळका का?'

पुळका! हा शब्द तू आईकडून उचललास. आईच्या तोंडी तरी शोभायचा.

बरं, ऐक. तू परदेशात उतरलास, पहिल्या पगारात रेकॉर्ड प्लेअर घेतलास, छत्रीच्या कव्हरातून मोनो प्रत काढून लावलीस आणि आतून आवाज आला, कूँऽऽऽ. दुसरं काही नाही, नुसता एकसारखा सूर. कारण कव्हरात छत्री नव्हतीच, खिळ्याची टेस्ट रेकॉर्ड होती. रेकॉर्ड प्लेअरचा वेग बरोबर आहे की नाही हे बघायला तो ती वापरायचा, सगळ्या गल्लीला ठाऊक. तुला वाटलं त्याने प्रत चोरली ती चोरली, वर तुझी चेष्टा करायला आपली रेकॉर्ड आत घालून ठेवली. मग तू त्याला ते पत्र लिहिलंस. त्यात काय होतं ते मी वाचलं नाही, पण पहिला शब्द 'चोरा' होता हे मला पोस्टमननेच सांगितलं, तू पोस्टकार्ड पाठवलंस ना शहाण्या!

ती प्रत मी घेतली.

पुन्हा वाचू नकोस, बरोबरच वाचलंस. तू निघालास त्या सकाळी. टॅक्सी खाली उभी होती, तू आणि खिळा मिळून मोठी पेटी टपावर बांधत होतात, आई तुमच्यावर ओरडत होती की दोरी अशी नाही, तशी. रेकॉर्डचा खोका वर उघडाच होता. मी छत्रीच्या दोन प्रतींपैकी मोनो काढली आणि इस्त्रीच्या चादरीच्या घडीत सरकवली. कव्हर हलकं लागलं. तू खोका उचलण्याआधी प्रत्येक कव्हर चाचपायचास, मला माहीत होतं. खिडकीच्या कट्ट्यावर एक उघडी रेकॉर्ड पडलेली होती, हाताला लागली ती आत घातली. ती कुणाची, कसली, घाईत बघितलंसुद्धा नाही. देवाशपथ सांगते, त्याला अडकवायचं मनातसुद्धा नव्हतं. पण अडकला तो अडकलाच.

नंतर तू आईला लिहिलंस तेव्हा मला कळलं. मी गप्प बसले. आज बोलू, उद्या बोलू करता करता बेचाळीस वर्षं गेली. मी वाईट वागले, धाकट्या. तुझ्याशी एकदा आणि त्याच्याशी रोज.

रेकॉर्ड माझ्याजवळच आहे. एकही ओरखडा नाही.

ताई


२० मार्च, गुरुवार

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. समोर पुलाचं चित्र, मागे एक शब्द, 'का?'

एवढं मोठं कार्ड आणि एक शब्द. पोस्टमन नवा आहे, तोही चक्रावला.

सांगते. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला माहीत होती, ती गेली. म्हणजे जगात आता मी एकटीच जाणणारी. आधी बस आणि मग वाच.

मी सात वर्षांची असताना मला गालगुंड झालं. तू तेव्हा रांगत होतास. ताप उतरला आणि माझा डावा कान गेला तो गेलाच. कमी नाही, पूर्ण बंद. तू म्हणशील मला कसं कळलं नाही. कसं कळणार? मी नेहमी सगळ्यांच्या डावीकडे बसायचे, म्हणजे सगळे माझ्या उजवीकडे. घरातले सगळे फोटो काढून बघ, प्रत्येकात माझ्या डाव्या हाताला कुणीच नाही. ती ट्रंकही त्यासाठीच डाव्या भिंतीला लागून होती. कुणी डावीकडून हाक मारली तर मी ओ द्यायचे नाही, आणि तू म्हणायचास, 'ताईला भाव खायची सवय आहे.' खाल्ला बाबा. दुसरं काय करणार होते?

बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांचा. दोन वर्षांनी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरच्या जागा निघाल्या. तिथे डॉक्टरची तपासणी असायची, दोन्ही कान शाबूत लागायचे. डॉक्टर मागे उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणायचा. एका कानात बोट घालून दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. आई म्हणाली, यात काय आहे? डावा कान बंद करायला सांगितला की बोट घट्ट घालायचं. उजवा बंद करायला सांगितला की बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. आठ दिवस तिने स्वयंपाकघरात माझी तालीम घेतली. तुलाही आठवेल, तू चौदा वर्षांचा होतास, तुला वाटलं ऑपरेटरच्या परीक्षेची तयारी चाललीय. तूही माझ्या मागे उभा राहून घोगऱ्या आवाजात 'सत्तेचाळीस' म्हणायचास. नेहमी सत्तेचाळीसच! मला न ऐकताही बरोबर सांगता आलं असतं.

पास झाले. ऑपरेटरचा हेडसेट एकाच कानाला लावायचा असतो, त्यामुळे पुढे काही अडलं नाही. माझ्याइतकं नेमकं ऐकणारी दुसरी नव्हती, आमची सुपरवायझर सांगायची. पण कळलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती, आणि घर तिच्यावर चालत होतं. तुझं कॉलेजही. आई म्हणाली, धाकट्याला सांगायचं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी तिला शब्द दिला.

आता छत्री. तू मोनो प्रत जुन्या बाजारातून आणलीस तेव्हा मी पहिल्यांदा ती गाणी ऐकली. मला त्यातलं शिकवलं कुणी नव्हतं, भाषासुद्धा अर्धीमुर्धी कळायची, पण त्या शनिवारी मला वाटलं की आठवडाभर लोकांचं हॅलो हॅलो ऐकून कंटाळलेला माझा कान कुणीतरी धुऊन दिला. तुम्ही दोघं वाद घालत होतात, खालून शाईचा वास येत होता, आणि मी तिथे ट्रंकेवर बसून फार सुखात होते. इतकी सुखात मी नंतर क्वचित होते.

मग तू स्टिरिओ प्रत आणलीस आणि पाठोपाठ ते हेडफोन. स्पीकरच्या डब्यांवर निदान आवाज भिंतींना आपटून उजव्या कानापर्यंत यायचा. हेडफोनमध्ये सुटकाच नाही. तू मोठ्या हौसेने माझ्या डोक्यावर चढवलेस आणि विचारलंस, 'कसं वाटतं?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'गाणारा कुठे गेला?' गाणारा होता डावीकडे, माझ्या मेलेल्या कानात! तू जमिनीवर लोळून हसलास. मग वर्षभर ज्याला त्याला सांगत सुटलास, आमच्या ताईला गिटार ऐकू येते आणि माणूस ऐकू येत नाही. मीही हसायचे. हसण्यावारी नेलं नाही तर कुणीतरी कान तपासायला सांगितलं असतं.

पण गाणी तर हवी होती. मग मी एक युक्ती काढली. तू खाली चहा आणायला गेलास, की मी हेडफोन घालायचे आणि गिटार ऐकायचे. मग उलटे करून घालायचे, सुई परत पहिल्यापासून ठेवायचे आणि नुसता गाणारा ऐकायचे. डोक्यात दोघांची बेरीज करायची. जमायचं, पण ते गणित झालं रे, गाणं नाही. आख्खं गाणं मला फक्त मोनोत मिळायचं.

आणि तू दोन्ही प्रती घेऊन चालला होतास.

मागितली असती तर दिली असतीस? 'तुला काय कळतंय त्यातलं,' म्हणाला असतास. आणि नेमकं हेच विचारलं असतंस, का? माझ्याकडे सांगण्याजोगं उत्तर नव्हतं. म्हणून घेतली. तू मागे टाकून गेलेल्या जुन्या डबड्या मशीनवर मी आणि आई ऐकायचो. आईला गाणी आवडायची नाहीत, शेवटचं हसू आवडायचं. त्या आठ सेकंदांसाठी ती शिवण बाजूला ठेवून येऊन बसायची आणि त्यांच्याबरोबर हसायची.

तुझा का एवढाच आहे. आता तू ठरव.

ताई


१४ एप्रिल, सोमवार

धाकट्या,

पंचवीस दिवस झाले, तुझा कागद नाही. रागावला असशील. मी काही म्हणत नाही. पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, मग हवं तर फाडून टाक.

मी खिळ्याकडे गेले होते.

त्याचं दुकान पुलापलीकडे आहे, माझ्या घरून बसने तीन थांबे. बेचाळीस वर्षांत मी त्या फुटपाथवरून एकदाही चालले नाही, समोरच्याने जायचे. काल रेकॉर्ड कापडी पिशवीत घातली आणि चालत गेले, बसमध्ये कुणाचा धक्का लागायला नको म्हणून.

छोटंसं दुकान. हल्लीची मुलं आजोबांचे रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढतात आणि दुरुस्तीला त्याच्याकडे आणतात, त्यामुळे काम भरपूर. बायको गेली त्याची, नऊ वर्षं झाली. सून चांगली आहे. डोळे अधू झालेत म्हणून तीच त्याला वाचून दाखवते. तुझा लेखसुद्धा तिनेच वाचून दाखवला. ती ओळ आली तेव्हा ती मधेच थांबली, तर म्हणाला, 'पुढे वाच, पुढे माझं वर्णन चांगलं असेल.'

मी दारात उभी. त्याने मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, 'एक्स्चेंज?'

तुला आठवतं, तो मला एकदाही ताई म्हणाला नाही, एक्स्चेंजच म्हणायचा. तू त्याला बजावायचास, माझी ताई म्हणजे तुझीही ताई, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आता लपवून काय करू? मला तो आवडायचा. फार आवडायचा. बहुतेक तू सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मी पिशवीतून रेकॉर्ड काढून त्याच्या बाकावर ठेवली. म्हटलं, 'ही मी घेतली होती.'

'माहीत आहे,' तो म्हणाला.

मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, 'कधीपासून?'

'तुझ्या भावाचं कार्ड आलं तेव्हा मी तुमच्याकडे आलो होतो. तुला विचारलं, माझी टेस्ट रेकॉर्ड कुठे पाहिलीस का? तू नाही म्हणालीस आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलंस. तेव्हापासून.'

'मग बोलला का नाहीस?'

'काय बोलायचं? तिने घेतली म्हटलं की तो विचारणार, तिला कशाला हवी होती? मग सगळंच बाहेर आलं असतं. तुझी नोकरी गेली असती.'

माझा विश्वास बसेना. म्हटलं, 'तुला कानाचं कुणी सांगितलं?'

तो हसला. तसाच हसतो अजून, खांदे उडवून. म्हणाला, 'तुझा भाऊ चहा आणायला खाली गेला होता. मी कट्ट्यावर मासिक वाचत होतो, तुला वाटलं माझं लक्ष नाही. तू हेडफोन घातलेस, गाणं ऐकलंस, मग उलटे करून घातलेस आणि तेच गाणं पहिल्यापासून लावलंस. मी म्हटलं, ही असं का करते? रात्रभर विचार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.'

आणि मग माझं लक्ष त्याच्या दुकानाकडे गेलं, धाकट्या. एका टोकाला एक स्पीकर, दुसऱ्या टोकाला दुसरा. फळीवर रेकॉर्डच रेकॉर्ड, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एकच शब्द, स्टिरिओ. मी म्हटलं, 'अरे, तू तर मोनोवाला ना?'

'मी?' तो म्हणाला. 'मी कधी होतो मोनोवाला? मला मोनो ऐकून गुदमरल्यासारखं होतं. पण मी भांडलो नसतो तर त्याने दर शनिवारी स्टिरिओच लावली असती.'

तू लिहिलंयस ना, एका शनिवारी त्याने पलटी खाल्ली आणि कारण कधी सांगितलं नाही? ते कारण ट्रंकेवर बसलेलं होतं. सहा वर्षं तो दर शनिवारी तुझ्याशी तावातावाने भांडला, 'स्टिरिओ म्हणजे भांडून वेगळे निघालेले भाऊ, एक या खोलीत, एक त्या खोलीत,' असलं काय काय बोलला, तुझी बोलणी खाल्ली, अडाणी म्हणवून घेतलं, ते सगळं मला आख्खं गाणं ऐकू यावं म्हणून. आणि मी त्याला चोर ठरू दिलं.

मी रडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. सुनेने पाणी आणून दिलं.

मग विचारलं, 'नंतर आला का नाहीस घरी? एकदाही?' तर म्हणतो, 'आलो असतो तर मला बघून रोज तुला खोटं बोलावं लागलं असतं. ते बरं दिसलं नसतं.' यावर काय बोलायचं, तूच सांग. मी रोज जिन्यावर पावलं ऐकायचा प्रयत्न करायचे आणि हा मला खोटं बोलण्यापासून वाचवत होता! एवढं शहाणपण काय कामाचं?

मग त्याने छत्री लावली. एक स्पीकर बंद केला आणि दुसरा उचलून माझ्या उजव्या हाताला आणून ठेवला, न विचारता. दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटचं हसू आलं तेव्हा त्याने सुई मागे नेऊन ते पुन्हा लावलं.

निघताना त्याला म्हटलं, 'पुस्तकात तुझं नाव साफ करायला मी भावाला लिहिलंय.' तर म्हणतो, 'राहू दे. चाळीस वर्षं चोर म्हणून निभावलं, आता शेवटी साव होऊन काय करू? त्याला एवढंच विचार, भांडायला येतो का. इथे कुणाला भांडता येत नाही.'

मी विचारते. येतोस का?

आणि तो नको म्हणाला तरी मी हो म्हणते, प्रकरण बदल. लिही की ताईने चोरली. कानाचंही लिही. माझी नोकरी आता कोण काढून घेणार? फार तर पेन्शन थांबवतील, पण पेन्शन ऑफिसात रॉक ऐकणारं कुणी असेल असं चेहऱ्यांवरून तरी वाटत नाही. एप्रिलअखेरीला सोळा दिवस उरले. माझ्यावर राग धर, हक्काने धर, पण त्या माणसाला त्या ओळीतून सोडव.

ताई


८ मे, गुरुवार

प्रिय धाकट्या,

पार्सल पोचलं. चौकोनी, चपटं, सगळीकडून पुठ्ठे लावलेलं. उघडायच्या आधीच ओळखलं. बेचाळीस वर्षं तू ती टेस्ट रेकॉर्ड जपून ठेवलीस! ज्याला चोर म्हणालास त्याची वस्तू, आणि धुळीचा कण नाही तिच्यावर. वर तुझी पिवळी चिठ्ठी, 'ताई, खिळ्याला दे. रविवारी फोन करतो.' मोजले, पुन्हा सहाच शब्द. या वेळी पुरले.

प्रकरणाची नवी पानंही वाचली. ती ओळ गेली. तिच्या जागी तू जे लिहिलंस ते मी शेजारणीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिच्या हातात दिलं. 'माझी बहीण ज्या गाण्याची बेरीज करत होती त्याच गाण्यावरून मी तिला हसत होतो,' असं नसतं लिहिलंस तरी चाललं असतं. तू लहान होतास. पण लिहिलंस, बरं वाटलं.

फक्त छापखाना अजून तीनलाच बंद होतोय. दोन, रे! दोन!

रेकॉर्ड कालच नेऊन दिली. त्याने लगेच लावली. कूँऽऽऽ. कान देऊन ऐकली, मशीनचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि म्हणाला, 'बघ, माझी सगळी मशीनं इतकी वर्षं जरा जलद चालत होती.'

आता रविवारचं. तू संध्याकाळी पाचला माझ्या फोनवर कर, त्याच्या नाही. त्याची सून मला शिकवून गेलीय, एका फोनवर दोघांना कसं घ्यायचं ते. बोर्ड नाही, दोऱ्या नाहीत, एक बटण दाबलं की झालं. पण जोडून मीच देणार. चौतीस वर्षं परक्यांना जोडून दिलं, तुम्हा दोघांना एकदाही नाही.

आमच्याकडे नियम होता, दोन्ही बाजूंनी हॅलो झालं की ऑपरेटरने लाइनीवरून दूर व्हायचं, बोलणं ऐकायचं नाही, ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की तेवढं सांगायला परत यायचं. मी तो पाळला. रविवारी पाळणार नाही. मी लाइनीवरच थांबणार आहे. मधे बोलणार नाही, श्वासही जोरात घेणार नाही. तुम्ही मोनोवरून भांडा, स्टिरिओवरून भांडा, हवं तर मला शिव्या द्या. फोनमध्ये डावं उजवं नसतं, तुम्ही दोघंही माझ्या एकाच कानात येणार आहात, आणि ते भांडण मला पुन्हा आख्खं ऐकायचंय.

तीन मिनिटं झाली तरी सांगणार नाही.

तुझी
ताई